दुसरं टोक

भिंतीतला झुल्याचा आकडा सुटला तेव्हा विल्बर्ट अर्धवट झोपेत होता, आणि जमीन लागण्याआधीच्या त्या एवढ्याशा वेळात त्याच्या बायकोनं एक शब्द उच्चारला. "एकदाचं!" असं ती म्हणाली. ओरडली नाही की किंचाळली नाही. थांब्यावर तासभर ताटकळल्यावर हवी ती बस वळणावर दिसावी आणि माणसानं पिशवी उचलत म्हणावं, तसं म्हणाली. मग दोघं खाली आली. आधी तो, त्याच्यावर लिगिया, दोघांवर पांढऱ्या चुन्याची भुकटी, आणि सगळ्यात शेवटी, जरा विचार करून निघाल्यासारखा, मुठीएवढा भिंतीचा तुकडा. वर पंखा आपल्या गतीनं फिरतच होता. एप्रिलमधली दुपार होती, तीनचा सुमार, आणि सगळं मेरिदा शहर आपापल्या झुल्यात निपचित पडलेलं असताना ही दोघं फरशीवर पडली होती, सुताच्या जाळीत गुरफटून, बाजारात आणलेल्या माशांसारखी. लिगियाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्याच्या पांढऱ्या भुवया पाहून ती हसायला लागली, तिचं हसू पाहून तो, आणि हसता हसता उठायला गेली तर तिचा उजवा गुडघा उठेना.

मोडलं काही नव्हतं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, पट्टी बांधली, आता जरा जपून असा म्हणाले. पण रिक्षातून परत येताना विल्बर्टला तो शब्द पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी त्याला हसू आलं नाही. एकदाचं. म्हणजे काय एकदाचं? ज्या झुल्यात ती दोघं तेहेतीस वर्षं झोपली, त्यातून पडताना माणूस 'अरे देवा' म्हणेल, 'आई गं' म्हणेल, नवऱ्याचं नाव घेईल. 'एकदाचं' कोण म्हणतं? ज्याची वाट पाहत होतो ते घडलं की म्हणतात. त्यानं लिगियाकडे पाहिलं. ती रिक्षातून बाहेर एका दुकानाची पाटी वाचत होती, डोळे बारीक करून, ओठ हलवत, लहान मुलासारखी. विचारायला तोंड उघडलं आणि त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, "पुढच्या गल्लीत डावीकडे."

विल्बर्ट शिंपी होता. शहराच्या मध्यवस्तीतल्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं तो ग्वायाबेरा शिवत होता, म्हणजे पुढच्या अंगाला बारीक उभ्या चुण्यांच्या पट्ट्या असलेले सुती सदरे, जे इथे लग्नातही चालतात आणि मयतालाही. त्याचं काम फक्त चुण्यांचं. बाह्या दुसरा शिवी, कॉलर तिसरा. चुणी घालणाऱ्या माणसाला एक सवय लागते, कापड दुमडायचं, दाबायचं, आणि दुमडलेल्या जागी आत काय गेलं ते विसरून पुढची चुणी घ्यायची. विल्बर्टनं आयुष्यातही बहुतेक तसंच केलं होतं आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. हा एक शब्द मात्र दुमडला जाईना. मशीन सुरू केलं की सुई तोच म्हणायची, एकदाचं एकदाचं एकदाचं, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं एका सदऱ्याला डावीकडे दहा आणि उजवीकडे अकरा चुण्या घातल्या. मुकादमीण तो सदरा उजेडात धरून म्हणाली, "विल्बर्ट, हा कुणासाठी? वाकड्या माणसाच्या मापाचा आहे का?" सगळी मशीनं थांबली आणि सगळे हसले. तोही हसला. खरं तर त्याला बरं वाटलं, निदान कुठेतरी काहीतरी बाहेर आलं होतं, अकराव्या चुणीसारखं.

गवंड्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं होतं. "आतून पोकळ आहे ही वीट. इतकी वर्षं धरलं हेच फार. समोरचीही तशीच. एका माणसाचं ओझं कदाचित घेईल, दोघांचं घ्यायची नाही." आणि दूरच्या केरेतारोहून मुलीचा, यारेलीचा फोन आला होता. तिनं ऐकून घेतलं, दोनदा "बाबा!" असं म्हणाली, आणि चौथ्या दिवशी दोन माणसं एक पलंग घेऊन दारात उभी राहिली. पलंग दारातून जाईना, मग खिडकी काढली. तोवर ती खोली दिवसा रिकामी असायची. सकाळी झुला गुंडाळून भिंतीला लावला की नुसती फरशी, त्यावर वारा, उन्हाचा एक चौकोन, कधी लिगियाचं शिवणटिपण. आता खोलीत पलंग नव्हता, पलंगात खोली होती. कपाटाकडे जायचं तर पोट आत ओढून, खेकड्यासारखं आडवं चालायला लागायचं. "हॉटेलात आल्यासारखं वाटतंय," लिगिया गादीवर तळहात दाबत म्हणाली. विल्बर्टलाही तसंच वाटत होतं, फक्त त्याला हॉटेलातून घरी जायचं होतं.

झुल्यात माणूस लांबीनं झोपत नाही, तिरपा झोपतो, म्हणजे पाठ सपाट राहते. हे ज्याला उपजत येतं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. विल्बर्टचा जन्मच झुल्यातला. त्याची आई आजारी पडली ती झुल्यात, गेली ती झुल्यात, आणि लग्नानंतर पहिल्या दिवशी लिगियाच्या आईनं दिलं ते हेच, तिनं स्वतः माग लावून विणलेला दुहेरी झुला, पिवळ्या आणि निळ्या सुताचा. दोन माणसं त्यात शिरली की मधोमध उतार होतो. उतारावरून दोघं एकमेकांकडे घरंगळतात. मग कितीही भांडण झालेलं असो. एकदा यारेलीच्या शाळेवरून लिगिया त्याच्याशी आठ दिवस बोलली नव्हती. आठही दिवस तिचा खांदा त्याच्या काखेत होता, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. झुल्यात कुणाकडे पाठ करून झोपता येत नाही, असं तो मित्रांना सांगायचा आणि ते हसायचे. आता पलंगावर त्याला कळलं की पाठ करून झोपणं किती सोपं असतं. गादी सपाट होती, कडक होती, तिच्यावर उतार नव्हता. लिगिया तिच्या कडेला, तो त्याच्या कडेला, आणि मध्ये एवढी जागा की तिसरा माणूस झोपावा. सकाळी दोघं दोन वेगवेगळ्या बाजूंनी उतरायची, बसच्या पुढच्या आणि मागच्या दारानं उतरावं तशी.

आणि वाईट हे होतं की लिगियाला झोप लागत होती. छान लागत होती. उठल्यावर तिच्या गालावर उशीच्या शिवणीची रेघ असायची आणि चुलीपाशी ती गुणगुणायची. सोमवारी काळ्या घेवड्यात डुकराचं मांस घालून ती नेहमीसारखी रटरटत ठेवायची, वर मुळा आणि कोथिंबीर चिरायची, आणि चिरता चिरता म्हणायची, "पाठ कशी मोकळी झालीय!" विल्बर्ट जेवायचा. घेवडा उत्तम झालेला असायचा. जेवता जेवता त्याच्या डोक्यात हिशेब चालायचा, तेहेतीस वर्षं, म्हणजे बारा हजारांवर रात्री, आणि त्यातल्या कितींमध्ये ही बाई नुसती पडून होती? त्याला जे सुख वाटत आलं ते तिला सोसणं होतं का? माणूस इतका जवळ असून त्याचं सोसणं आपल्याला कळू नये? मग त्याचं त्यालाच हसू यायचं. एकोणसाठ वर्षांचा बाप्या, बायको नीट झोपते म्हणून तोंड पाडून बसलाय.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो मागच्या अंगणात तोंड धूत होता. अंगण म्हणजे चार भिंतींतला दगडाळ तुकडा, धुण्याचा दगडी हौद आणि एक चिकूचं झाड. वसाहत व्हायच्या आधीपासूनचं झाड, बुंधा दोन माणसांच्या कवेत मावेल न मावेल असा. त्या खोडाकडे पाहता पाहता विल्बर्टच्या हातातलं पाणी ओघळून गेलं. या झाडावर बैल टांगला तरी ते हूं की चूं करणार नाही. त्यानं सावलीत उभं राहून पावलं मोजली. चार मीटर, साडेचार. सगळं जमत होतं, एकच गोष्ट नव्हती.

"काय मोजतोयस?" लिगिया स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"झुला लावावा म्हणतोय. इथं."

"झाड एकच आहे."

"दुसरं टोक मी करीन."

लिगिया त्याच्याकडे बघत राहिली. हातात मक्याच्या टॉर्टियाचा गोळा होता, तो ती नकळत थापटत होती. "कशाला?" तिनं विचारलं.

खरं उत्तर त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच दुमडलं गेलं. "दुपारसाठी," तो म्हणाला. "हवा लागते."

"बरं," ती म्हणाली. आणि आत जाऊन तिनं टॉर्टिया तव्यावर जरा जास्तच जोरात टाकली.

दुसरं टोक करायचं म्हणजे खांब पुरायचा, असा त्याचा पहिला हिशेब. पण मेरिदाच्या जमिनीत खांब पुरणं म्हणजे ताटात खड्डा खणणं. वीतभर तांबडी माती, खाली सलग पांढरा दगड. पहारीच्या तिसऱ्या घावाला ठिणगी उडाली आणि हात कोपरापर्यंत झिणझिणला. कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ऊन खात बसलेला थोराड सरडा, इग्वाना, दचकून पळाला आणि त्याच्या जागी शेजारच्या डॉन रुसेलचं डोकं उगवलं. डॉन रुसेल सत्तरी ओलांडलेला, उमेदीचा सगळा काळ प्रोग्रेसो बंदरातल्या मासेमारीच्या बोटींवर काढलेला माणूस, आणि आता बोलायला बोट नाही म्हणून गल्लीशी बोलणारा.

"थडगं खणतोयस का रे? कुणाचं?"

"झुल्यासाठी खांब, डॉन रुसेल."

"खांब? ह्या दगडात? वाय! नातवंडं येईपर्यंत खणशील. त्यापेक्षा कैची कर."

कैची विल्बर्टला पटली, ती त्याच्या हातातलीच गोष्ट होती. दोन लांब वासे, वरच्या टोकाशी एकमेकांवर फुली करून दोरानं आवळायचे, खाली पाय फाकवायचे. खणायला नको. पुढच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते, तिथून छपराचे दोन वासे मिळाले, काळे, हाडासारखे टणक, दोन्ही मिळून त्याच्या खांद्यावर आले तेव्हा वाटेतल्या बायका म्हणाल्या, "कुठं निघालात, डॉन विल्बर्ट, वधस्तंभ घेऊन?" संध्याकाळभर तो फुली बांधत बसला. घायपाताचा दोर ओला करून आवळला की सुकल्यावर आणखी घट्ट बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण कापडाची जात ओळखणाऱ्या बोटांना ते कळलं. किती वर्षांत त्यानं असं काही केलं नव्हतं, ज्याचं सगळं अंग त्याचंच होतं, बाह्याही, कॉलरही. घामानं बनियन पाठीला चिकटलं होतं आणि तो चक्क शीळ घालत होता. झाडाच्या सालीला दोर काचू नये म्हणून कारखान्यातल्या जाड कापडाच्या कातरणांचे पाच थर एकावर एक शिवून त्यानं एक रुंद पट्टा केला. चिकूची साल कापली की पांढरा चीक येतो, तो थांबत नाही. झाडाला त्या पट्ट्यात पाहून त्याला एकदम कुणा जाड्या पाहुण्याला कमरपट्टा बांधल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी त्यानं कैची उभी केली, झाडापासून लांब कलती ठेवली, म्हणजे झुल्याच्या ओढीनं ती सरळ होईल, असा त्याचा तर्क. चाचणीसाठी जुना एकेरी झुला बांधला. लिगिया दारात उभी होती. तो ऐटीत मागे बसला. वासे सरळ झाले, त्याच्या तर्काप्रमाणे. मग सरळच्याही पुढे आले. विल्बर्टला त्यांच्या फुलीमागचं आकाश दिसलं, मग फुली मोठी झाली, आणि तो झटकन कुशीवर लोळला म्हणून डोकं वाचलं. धूळ बसल्यावर भिंतीपलीकडून टाळ्यांचा आवाज आला.

"वा रे वा! काय सलाम ठोकला रे त्यानं तुला!" डॉन रुसेलला खोकल्याची उबळ आली हसून हसून. "अरे चुणीवाल्या, डोलकाठी कधी नुसती उभी राहिलेली पाहिलीस का? तिला मागून ताण लागतो. पुढून शीड ओढतं, मागून दोर ओढतो, दोघांच्या भांडणात काठी उभी राहते."

"आणि मागचा दोर बांधू कशाला? तिथं काहीच नाही."

"दगड आहे की. त्या दिवशी शिव्या देत होतास त्याला."

लिगिया लंगडत आली. तिनं विल्बर्टच्या केसांतली माती झटकली, डोकं दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून पाहिलं, आणि परत गेली. जाताना एकेरी झुल्याकडे तिनं टाकलेली नजर त्याला दिसली. तिचा अर्थ मात्र त्या दिवशी लागला नाही.

मग तो दगडाला लागला. डॉन रुसेलनं सांगितलं तसं, दोन बाजूंनी तिरपी भोकं पाडत न्यायची, आत एकमेकांना भेटवायची, म्हणजे वर दगडाची एक कमान उरते आणि तिच्याखालून दोर जातो. म्हणजे नेढं, विल्बर्ट म्हणाला, सुईचं नेढं. त्यानं आयुष्यात लाखो वेळा नेढ्यातून दोरा घातला होता, आणि हे पहिलं नेढं तो स्वतः पाडत होता, छिन्नीनं आणि दोन किलोच्या हातोड्यानं, रोज कारखान्यातून आल्यावर ऊन उतरेपर्यंत. दगड वरून वज्रासारखा आणि आत गेल्यावर खडूसारखा मऊ निघाला, त्यात इवले इवले शिंपले होते. हा सगळा प्रदेश कधी काळी समुद्राच्या तळाशी होता असं शाळेत शिकवलेलं, पण तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं. आता नखाएवढा शिंपला बोटावर घेऊन तो उकिडवा बसला आणि त्याला विलक्षण मजा वाटली. पाण्याखालच्या गोष्टी. घरात इतकी वर्षं पायाखाली होत्या. माणसाच्या आतही अशाच असतील, वर टणक, खाली शिंपले, आणि कुणी छिन्नी लावेपर्यंत कुणाला पत्ता नाही. त्याच्या डोक्यात आलं की आपण दगडाला विचारू शकतो ते बायकोला विचारू शकत नाही. पण हा विचारही त्याला त्या वेळी दुःखाचा वाटला नाही, कारण हातोडा बरोबर बसत होता.

नवव्या दिवशी छिन्नी आत सुटली. त्यानं एका भोकात बोट घातलं, दुसऱ्यात दुसऱ्या हाताचं, आणि आत काळोखात दोन बोटं एकमेकांना लागली. तो तसाच पालथा पडून राहिला, बोटं हलवत, स्वतःशीच हस्तांदोलन करत.

आता उंची. सगळ्यात अवघड हीच होती. झुल्यात माणूस बसला की झोळ पडतो, किती पडतो ते ओझ्यावर असतं. लिगियाचा गुडघा काही खालच्या जागेवरून उठू देत नव्हता. अंघोळीच्या बुटक्या स्टुलावरून उठतानाही ती भिंत धरायची. विल्बर्टनं स्वयंपाकघरात जाऊन ती ज्या खुर्चीवर बसून घेवडा निवडायची तिची उंची टेपनं मोजली. शेहेचाळीस सेंटिमीटर. मग तिची रोजची चप्पल उचलून तळव्याची जाडी मोजली. मग दोन तांदळाच्या गोण्या दुहेरी झुल्यात घालून झोळ किती येतो ते पाहिलं, गाठ वर घेतली, पुन्हा पाहिलं. पट्ट्याची जागा झाडावर चार वेळा बदलली. चुण्यांच्या कामात एक सूत इकडे तिकडे झालं की सदरा गेला. त्याला ही सवय अशी कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

तो चप्पल मोजताना लिगियानं पाहिलं. ती न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली आणि दारातच थांबली.

"माझ्या चपलेशी काय चाललंय?"

"काही नाही. जाडी."

"विल्बर्ट." तिनं टॉवेल खांद्यावर टाकला. "तुला बाहेर झोपायचं असेल तर सरळ सांग. तीन आठवडे बघतेय. रोज दगड फोडतोयस, हाताला फोड आलेत, माझ्याशी धड बोलत नाहीस. यारेलीनं पलंग पाठवला म्हणून राग असेल तर तिला सांग, मला कशाला शिक्षा? जा, झोप जा बाहेर एकटा."

"एकटा?" विल्बर्ट उठून उभा राहिला, चप्पल हातातच. "एकटा कुठं? दुहेरी लावतोय."

"त्या दिवशी एकेरी लावला होतास."

"तो पडण्यासाठी होता!"

लिगियाच्या तोंडाचा कोपरा हलला. तिनं तो सरळ केला. पण विल्बर्टला आता थांबता येईना, ज्या जागी तो नेहमी कापड दुमडायचा तिथं त्याचा हात सुटला. "तू म्हणालीस, एकदाचं. पडताना. मी ऐकलं. तेहेतीस वर्षं झुल्यात झोपलीस, आणि तो तुटल्यावर म्हणतेस एकदाचं. म्हणजे तू वाट बघत होतीस."

"मी? असं म्हणाले?"

"म्हणालीस."

ती आठवायला लागली, डोळे बारीक करून, रिक्षातून पाटी वाचताना केले होते तसे. आणि मग तिला इतकं हसू फुटलं की तिनं दाराची चौकट धरली. "अरे गाढवा! दोन वर्षं मी सांगत होते, आकडा हलतोय, आकडा हलतोय. तू काय म्हणायचास? 'घर जुनं झालं की कुरकुरतं.' म्हणायचास की नाही? मग तुटल्यावर काय म्हणू? दोन वर्षांनी का होईना, माझं खरं ठरलं एकदाचं!"

विल्बर्ट चप्पल हातात धरून उभा होता. त्याला आठवलं. शब्दन् शब्द आठवला, घर जुनं झालं की कुरकुरतं, शहाण्यासारखा स्वर लावून म्हटलेला. बारा हजार रात्री, अकरावी चुणी, सगळं त्याच्या अंगावरून चुन्यासारखं खाली आलं.

"म्हणजे तुला सोसावं लागलं नाही?"

"सोसलं की," लिगिया म्हणाली. "थंडीत तुझे बर्फासारखे पाय सोसले. तू झोपेत शिवतोस, बोटं हलवतोस, ते सोसलं. तू नाही का सोसलंस? माझं घोरणं?"

"तू घोरत नाहीस."

"खोटारडा." ती केस पुसायला लागली आणि पुसता पुसता, टॉवेलाच्या आतून, जरा गंभीर आवाजात म्हणाली, "पण एक सांगते, विल्बर्ट, राग मानू नकोस. पलंग मला आवडतो. खरंच. पाठ दुखत नाही, गुडघ्याला बरं पडतं. आणि हसू नकोस, त्याच्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालायला फार मजा येते. रात्री मी पलंगावरच झोपणार."

त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे कमी लागलं. लागलं, नाही असं नाही. पण चिमटा बसावा तेवढं. ती सांगत होती, सरळ त्याच्याकडे बघून सांगत होती, एवढ्यानंच त्याला बरं वाटत होतं. "रात्री पलंग," तो म्हणाला. "बरं. आणि दुपारी?"

"दुपारचं बघू. आधी ती चप्पल दे. ओल्या पायांनी उभी आहे मी."

शनिवारी अर्धा दिवस होता. विल्बर्ट जेवायला घरी आला, जेवण झालं, गल्ली निपचित झाली. नेढ्यातून दोर ओवलेला होता, तो कैचीच्या फुलीवरून येऊन झुल्याला मिळत होता आणि बोटानं छेडला तर गिटारीसारखा वाजत होता. वाश्यांच्या पायांना दगडात दोन वाट्यांएवढे खळगे केले होते, त्यात ते गच्च बसले होते. चिकूची सावली बरोब्बर पिवळ्या-निळ्या जाळीवर पडली होती. विल्बर्टनं आधी तांदळाच्या गोण्या घातल्या, काढल्या. मग स्वतः बसला. वासे कण्हले, दोर ताणला, आणि दोघांच्या भांडणात सगळं उभं राहिलं. तो तसाच बसून राहिला, श्वास रोखून, दारात बघत.

लिगिया आली. झुल्याकडे पाठ केली, मागे हात घालून जाळी पसरली, जसं ती आयुष्यभर करत आली होती, आणि बसली. तिची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. तिनं खाली पाहिलं, पावलांकडे. मग उठली. काही न धरता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा बसली आणि तशीच, पाठमोरी, म्हणाली, "चप्पल ह्याच्यासाठी मोजलीस होय रे?"

"खुर्ची पण," विल्बर्ट म्हणाला.

तिनं पाय वर घेतले, अंग तिरपं केलं, आणि मधोमधच्या उतारानं आपलं काम केलं. तिच्या केसांना साबणाचा आणि घेवड्याच्या फोडणीचा वास येत होता. वर चिकूच्या पानांतून उन्हाचे ठिपके इकडून तिकडे सरकत होते. कुठेतरी लांब आइसक्रीमवाल्याची घंटा वाजली आणि उन्हानं थकून थांबली. "इथं खरंच हवा लागते," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य सुरू करता करता झोपली. दोन मिनिटांत घोरायला लागली, बारीक, केटलीतलं पाणी उकळायच्या आधी होतं तसं.

विल्बर्टचा डावा हात तिच्या मानेखाली होता. पाच मिनिटांनी तो जड झाला, दहा मिनिटांनी मुंग्या आल्या, मग तो त्याचा राहिलाच नाही. नाकाच्या शेंड्यावर एक माशी बसली. तो हलला नाही. घरात फोन वाजला, यारेलीचा असणार, शनिवारी याच वेळी करते, आणि वाजून वाजून थांबला. तेवढ्यात भिंतीवर डॉन रुसेलचं डोकं उगवलं. त्यानं कैची पाहिली, दोर पाहिला, झाडाचा कमरपट्टा पाहिला, आणि दबलेल्या पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे चुणीवाल्या? धरलं का?"

उत्तर दिलं असतं तर ती उठली असती. मान हलवली असती तरी झुला हलला असता. विल्बर्टनं घाईघाईनं डोळे मिटून घेतले, झोपेचं सोंग घेतलं, आणि सोंग पक्कं दिसावं म्हणून जरासा घोरलाही. भिंतीपलीकडे म्हातारा स्वतःशी खुसखुसला, पावलं दूर गेली. आता डोळे उघडायला हरकत नव्हती. उघडू थोड्या वेळानं, असं विल्बर्टच्या मनात आलं, आणि ते 'थोड्या वेळानं' झोपेतच राहून गेलं.